इमारतींची ग्रेडरबाई

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या सरकारी इमारती मी आतून, बाहेरून, गच्चीवरून आणि मीटरच्या पेटीत डोकं घालून पाहिल्या आहेत. तरी तिथे माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. ‘ग्रेडरबाई आल्या’ हे मात्र मी जिना चढायच्या आत वरच्या मजल्यावर पोचलेलं असायचं.

हे बारसं अकोल्यातल्या एका कचेरीत झालं. तिथल्या हेडक्लार्कना मी पंधरा मिनिटं समजावत होते, की तुमच्या इमारतीत वीज किती लागते ते आम्ही मोजणार, त्यावरून इमारतीला एक ते पाच तारे देणार आणि तसा दाखला दाराशी लावणार. ते पान चघळत शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “म्हंजे कापसाचा ग्रेडर असते, तशा तुमी बिल्डिंगच्या ग्रेडर हाय.” मी ‘तसं नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर शेजारून आमचे शकीलभाई म्हणाले, “हां साहब, वहीच समझो.” झालं! मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, परीक्षा देऊन एनर्जी ऑडिटर झालेली, आणि मला ही पदवी पान थुंकण्याच्या आधी बहाल झाली.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगते. वऱ्हाडात कापसाच्या ग्रेडरला जो मान होता तो जावयालासुद्धा नव्हता. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली असायची. ग्रेडर यायचा, गाडीत हात खुपसायचा, चिमूटभर कापूस काढून बोटांनी धागा ओढायचा आणि एकच शब्द बोलायचा. ‘सुपर’ म्हणाला तर घरात लग्न ठरल्यासारखा आनंद. ‘फरदड’ म्हणाला तर माणूस खाली बसायचा. फरदड म्हणजे शेवटची वेचणी झाल्यावरही न उपटता ठेवलेल्या झाडांचा माल, पिवळट, आखूड धाग्याचा. अशी गाडी पुष्कळदा फाटकावरूनच घराकडे वळायची. मी हिंडत होते ती तर शेतीची फार वाईट वर्षं. त्यामुळे कचेरीतला कारकून असो, शाळेतला शिपाई असो की दवाखान्यातली नर्स असो, प्रत्येकाच्या घरची एक गाडी कुठेतरी रांगेत उभी असायची. मी ग्रेडर म्हटल्यावर ही मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, त्या नजरेची मला आधी भीती वाटली आणि मग, खरं सांगते, चटकच लागली.

आमचं काम तसं सोपं. इमारतीतले दिवे, पंखे, कूलर मोजायचे. टेप लावून खोल्यांचं क्षेत्रफळ काढायचं. वर्षभरात किती युनिट जळले ते बिलांवरून घ्यायचं, आणि युनिटांना क्षेत्रफळाने भागायचं. येईल तो आकडा जितका लहान, तितके तारे जास्त. शिवाय उजेड मोजायचं एक यंत्र, खोलीतल्या गर्मीसाठी थर्मामीटर आणि वायरीला नुसतं कवटाळून आतला करंट सांगणारा एक मीटर. त्याला शकीलभाई ‘खेकडा’ म्हणत. शकीलभाई म्हणजे आमच्या ऑफिसचे वायरमन, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अकोल्यातल्या मोटार वाइंडिंग करणाऱ्या घरातले. एक वाक्य हिंदीत सुरू करून वऱ्हाडीत संपवायचे आणि मध्येच एखादा उर्दू शब्द असा टाकायचे की समोरचा साहेबही खुर्चीत सावरून बसायचा. त्यांना पुस्तकी सूत्र माहीत नव्हतं, पण इमारतीत शिरल्याबरोबर ‘इस घर में कुछ तो गडबड हाय’ हे त्यांना नाकाने कळायचं. आमच्या दोघांत मोजमाप माझं आणि अक्कल त्यांची, असं म्हणायला आता मी निवृत्त असल्यामुळे काही हरकत नाही.

तर त्या हेडक्लार्कच्या कचेरीची तपासणी. मे महिना, अकोला, दुपारी दीडची वेळ. ज्यांनी अकोल्याचा मे पाहिलेला नाही त्यांना मी काय सांगू! आम्ही आत शिरलो तर सगळं बंद. दिवे बंद, पंखे बंद, कूलर बंद. तीसेक माणसं टेबलाशी हात जोडल्यासारखी बसलेली आणि सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले.

“लाईन गेली काय?” मी विचारलं. आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात.

“नाई मॅडम,” हेडक्लार्क कपाळ पुसत म्हणाले, “लाईन हाये. आमी वापरतच नाई.”

“आणि गर्मी?”

“आमाले गर्मी होतच नाई. सवय हाये.” त्यांच्या हनुवटीवरून एक थेंब समोरच्या फाइलवर पडला.

शकीलभाई कोपऱ्यातल्या मोठ्या कूलरपाशी गेले. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी टपटपत होतं आणि सगळ्या खोलीत वाळ्याचा वास भरलेला होता. त्यांनी मोटारीवर हात ठेवला, डॉक्टरसारखे डोळे मिटले आणि म्हणाले, “मॅडम, इसको तो अभी तक बुखार हाय.”

मला हसू आवरेना. मी सांगितलं, की बाबांनो, मी आज काय चालू आहे ते मोजत नाही, मी वर्षभराची बिलं बघते. मग कोणीतरी मागून ओरडलं, “मंग लाव ना बे!” आणि तीस माणसांनी एकदम बटणं दाबली. दिवे, पंखे, आठ कूलर, साहेबांच्या खोलीतला एसी, सगळं एका दमात. मेन फ्यूज असा काही उडाला की खालच्या टपरीवरचा चहावाला पळत वर आला. शकीलभाईंनी फ्यूज बांधेपर्यंत पाऊण तास सगळे खरोखरच विजेशिवाय बसले. त्या कचेरीला मी तीन तारे दिले.

अमरावतीतल्या एका साहेबांची केस वेगळी. त्यांच्या खोलीत एसी आणि कूलर दोन्ही एकाच वेळी चालू. आता कूलर हवेत ओलावा सोडतो आणि एसी तो ओलावा खेचून बाहेर टाकतो. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. म्हणजे एका खोलीत दोन मशीन दिवसभर एकमेकांशी भांडत होती आणि साहेब मध्ये बसून सह्या करत होते. मी हे चित्र काढून समजावलं. साहेबांनी चित्र निरखून पाहिलं आणि म्हणाले, “तुमचं शास्त्र बरोबर आहे. पण एसीनं थंडी वाजते आणि कूलरनं बरं वाटते.” यावर शास्त्रात उत्तर नाही. निघताना त्यांनी हळूच विचारलं, की एखादा तारा वाढवता येईल का. मी म्हटलं, खिडकी बंद करा, वाढेल. खिडकी काही बंद झाली नाही.

असे मजेत दिवस चालले होते. आम्ही वलगावच्या वाटेवर चहा पीत होतो, बार्शीटाकळीच्या बाजारात हरभऱ्याचे घाटे खात होतो, आणि दाखल्यावर तारे चिकटवत होतो. त्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती मला आजही टोचते. आडबाजूच्या एका शाळेचा आकडा मी काढला तो इतका लहान, की मला वाटलं भागाकार चुकला. पुन्हा केला, तोच. पाच तारे! हेडमास्तरांनी दाखल्याला हार घातला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, मला नारळ दिला. मी खुशीत परत आले. त्या वर्षांत भारनियमन असं होतं, की शाळेच्या वेळात लाईन बहुधा नसायचीच. आकडा लहान होता, कारण त्या शाळेत वीजच नव्हती. पुढे इमारती सुधारायची योजना आली, यादी खालून वर करायची ठरली, म्हणजे ज्याला तारे कमी त्याचं काम आधी. त्या शाळेचं नाव यादीच्या अगदी टोकाला, वरती. तिला काही मिळालं नाही. मी दाखला रद्द करा म्हणून दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. अंधारात बसलेल्या मुलांना मी पाच तारे दिले आणि वर नारळ घेऊन आले.

हे कळलं त्यानंतर दोनच महिन्यांनी आम्ही हिवरखेडच्या पलीकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना मी तसा शब्द दिला होता. दोन वॉर्ड, एक बाळंतपणाची खोली, समोर कडुनिंब आणि उघडं अंगण. डॉक्टर आठवड्यातून तीनदा येत. बाकी सगळा कारभार तायडे सिस्टरांचा. उंच, काटक, पन्नाशीच्या, बोलायला लागल्या की कडुनिंबावरचे कावळे उडायचे. त्यांच्या हाताखाली महादेवमामा नावाचे शिपाई. मामांना मिशा मोठ्या आणि आवाज लहान.

दारात रांगोळी होती. फरशी इतकी पुसलेली की शकीलभाई घसरले. सिस्टरांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, बिलांची चळत पुढे ठेवली आणि समोर उभ्या राहिल्या, गाडीपाशी शेतकरी उभा राहतो तशा. मी बिलं पाहिली, आकडा काढला. तोच प्रकार. इतका लहान आकडा, की पाच तारे डोळे मिटून द्यावेत.

“सुपर ना मॅडम?” सिस्टरांनी विचारलं.

मी कागद मिटला आणि वॉर्डाकडे वळले. दुपारचे बारा वाजले होते आणि लाईन सकाळपासून नव्हती. वॉर्डात तीन बाया ओलं फडकं अंगावर घेऊन पडल्या होत्या, त्यांच्या कुशीत त्यांची लेकरं. थर्मामीटर एकेचाळीसवर. स्लॅब असा तापला होता की वर बघितलं तरी डोळ्यांना लागायचं.

मग मी उजेड मोजायला बाळंतपणाच्या खोलीत गेले. खिडकी नाही, फक्त वर एक झरोका. दार लोटलं, यंत्र टेबलावर ठेवलं आणि आकडा वाचला. मी यंत्राची काच पदराने पुसली आणि परत वाचला. तिथे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात असावा तितका उजेड होता! वर बल्ब बंद. लाईन नाही. आणि टेबलावर मात्र एक लांबट, चौकोनी, लखलखीत उजेड पडलेला.

“शकीलभाई, यंत्र बिघडलं.”

“यंत्र नाय बिघडलं मॅडम,” शकीलभाई हळू आवाजात म्हणाले, “उजेड हलून राहिला.”

खरंच हलत होता. मी यंत्र डावीकडे नेलं, उजेड थोडा उजवीकडे सरकला. मी उजवीकडे नेलं, तो बिचारा परत डावीकडे आला. मी आणि तो उजेड दोन-तीन मिनिटं असे एकमेकांची माफी मागत टेबलावर फिरत होतो. एवढ्यात बाहेर कोणीतरी सणसणीत शिंकलं, आणि उजेड टेबलावरून उडी मारून छताला गेला.

मी धावत बाहेर आले. अंगणात रणरणत्या उन्हात महादेवमामा एक सायकल धरून उभे होते. डोक्यावर ओला दुपट्टा, डोळे घट्ट मिटलेले. सायकलच्या कॅरियरला सुतळीने लोखंडी कपाटाचं अख्खं दार बांधलेलं, आरशासकट. मामा हँडल इंचभर इकडे, इंचभर तिकडे करून ऊन झरोक्यातून आत फेकत होते.

“डोळे काहून मिटले?” शकीलभाईंनी विचारलं.

“आत बायामानसं असते ना भाऊ,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “सिस्टर आतून वराडते, इकडं कर, तिकडं कर. आपुन फक्त ऐकाचं.”

मी खाली ओट्यावर बसले आणि हसत सुटले. शकीलभाईंना तर कडुनिंब धरावा लागला. सिस्टर दारात आल्या, त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो पाहूनही मला हसू थांबवता येईना. कपाट त्यांच्या लग्नातलं होतं, आहेरात आलेलं. भारनियमन वाढलं तेव्हा त्यांनी घरी जाऊन स्क्रू काढले आणि दार दवाखान्यात आणलं. तेव्हापासून दिवसाची बाळंतपणं आरशावर व्हायची. एका बाईने तर पोरीचं नाव किरण ठेवलं होतं.

“आज कोणीच अडलेली बाई नव्हती सिस्टर,” मी डोळे पुसत म्हटलं, “मग आज आरसा कशाला?”

सिस्टर खाली बघत म्हणाल्या, “तुमी उजेड मोजता म्हनून आयकलं होतं. म्हनलं ग्रेड नको घटाले.”

गाडीत वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस लावतात ना, तसा त्यांनी माझ्यासाठी उजेड लावला होता!

“आणि ढग आले तर?”

“तं बॅटरी.”

“सेल संपले तर?”

“तं हाताच्या अंदाजानं.” त्यांनी दोन्ही हात जरा पुढे केले आणि परत खाली घेतले. “हाताले मालूम असते मॅडम.”

माझं हसू तिथे थांबलं. बाईच्या आणि बाळाच्या जिवाचा प्रश्न, आणि माझ्या कागदावर पाच तारे तयार होते. मी सही केली की हा दवाखाना यादीच्या टोकाला जाणार होता, त्या शाळेच्या शेजारी.

मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. ज्याला तारे कमी त्याला वेगळी लाईन मिळेल, बॅटऱ्या मिळतील, पंखे मिळतील, छतावर चुन्याचा थर मिळेल. ज्याला पाच, त्याला शाबासकी.

“म्हंजे तुमी आमाले फरदड म्हना म्हनता?” सिस्टर उठूनच उभ्या राहिल्या.

“तसं समजा.”

“फरदडीले कोनी जास्त भाव देते काय मॅडम? मले नका शिकवू, माह्या घरी चार एकर कापसाची पऱ्हाटी हाये. फरदड म्हनलं का गाडी फाटकावरून वापस. उद्या तुमच्या साहेबानं म्हनलं, हा दवाखाना फरदड हाये, बंद करा, बायाईले अकोल्याले धाडा, तं? अवंदा कोनाच्या घरी जीपले पैसा हाये? बाई रस्त्यातच मोकळी होईन.” त्या माझ्या अगदी जवळ आल्या. “मले पाच तारेच पायजे. लिहा.”

मला त्यांच्याशी वाद घालता येईना. एक तर त्या जन्मभर ग्रेडरांना ओळखत होत्या, आणि दुसरं म्हणजे आकडा त्यांच्याच बाजूने होता. मी खोटा आकडा लिहिणार नव्हते. तेवढा एक हट्ट मी नोकरीत शेवटपर्यंत पाळला, त्याचा मला अभिमान आहे आणि त्या दुपारी त्याचाच राग आला.

शकीलभाई मामांच्या सायकलवरून दार सोडवत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “मॅडम, एक सवाल. अपना वो रस्ते पे बंद गोदाम हाय ना, कुलूपवालं? त्याले किती तारे पडतीन?”

“तिथे वीज जळतच नाही. शून्य. म्हणजे पाच.”

“देखो. गोदामालेबी पाच, दवाखान्यालेबी पाच. तं ये दाखला जिंदे का हाय के मुर्दे का?”

मी उठून कडुनिंबाखाली गेले. मग पिशवीतून आमचं जाडजूड माहितीपुस्तक काढलं. ते मी किती वेळा वाचलं असेन, पण सूत्रं वाचायची, कोष्टकं वाचायची. बंद इमारतीचं काय, हे शोधायला मी प्रथमच बसले. सिस्टर, मामा आणि शकीलभाई तिघं भोवती उभे, आणि मी भर दुपारी कडुनिंबाखाली बोट फिरवत पानं उलटतेय. सूत्राच्याच पानावर सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप होती: ‘इमारत पूर्ण वापरात असून तीत पुरेसा उजेड व हवा उपलब्ध असल्याचे गृहीत धरले आहे.’

गृहीत धरले आहे! मी ओरडले असावे, कारण वॉर्डातलं एक लेकरू रडायला लागलं. गृहीत खरं नसेल तर आकडाच लागू होत नाही. पाच नाही, एक नाही, काहीच नाही. ‘श्रेणी देता येत नाही’ असं लिहायचं, आणि योजनेच्या नियमाप्रमाणे अशा इमारती एका ताऱ्याच्याही खाली, म्हणजे यादीत सगळ्यांच्या आधी.

“पण मग सगळं खरं लिहावं लागेल, सिस्टर,” मी म्हटलं. “एकेचाळीस डिग्री, सकाळपासून लाईन नाही, आणि आरसा. तुमच्या सहीने.”

सिस्टरांनी वॉर्डाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, “अन् बंद केला तं?”

“तर मी स्वतः येऊन इथे बसेन,” मी म्हटलं. हे आश्वासन द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी साधी वर्ग दोनची बाई.

“तुमी बसून काय करान? तुमाले बाळंतपन येते काय?” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. “आना कागद.”

मग एकच गंमत उडाली. इतका वेळ सगळं झाकणारी माणसं एकदम सगळं दाखवायला लागली. हा पंखा फिरत नाही, हा फिरतो पण आवाज करतो, ही भिंत दुपारनंतर हात लावू देत नाही, लिहा! एक बाळंतीण खाटेवरून म्हणाली, माझ्या खाटेखालचं पण मोजा. मामांनी खोलीतली प्रत्येक वाईट गोष्ट मला अशा थाटात दाखवली, की जणू बैलजोडी दाखवतायत. मग आरशाविना उजेड मोजला. यंत्राचा काटा जागचा हलला नाही, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अहवालाला पुरावा म्हणून फोटो हवा होता. शकीलभाईंनी दार परत सायकलला बांधलं. मामा म्हणाले, थांबा, आणि दहा मिनिटं गायब झाले. परत आले ते भांग पाडून, मिशांना तेल लावून, पोराच्या लग्नातला कोट घालून. एकेचाळीस डिग्रीत कोट! फोटोत त्यांनी डोळे उघडे ठेवावेत म्हणून आम्ही परोपरीने विनवलं. आरसा हातात आला की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे.

अहवाल गेला आणि आठवड्याने वरच्या ऑफिसातून फोन आला, की सरकारी अहवालात कोट घातलेला, डोळे मिटलेला, सायकलवर कपाट नेणारा हा इसम कोण? मी म्हटलं, तो इसम नाही, तो त्या दवाखान्यातला एकमेव चालू दिवा आहे. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “तळटीप कितव्या पानावर आहे?”

काम व्हायला वर्ष-दीड वर्ष गेलं. मध्ये मी इतक्या फेऱ्या मारल्या, की त्या ऑफिसातले लोक मला पाहून पंखे बंद करायला लागले. पण वेगळी लाईन आली, बॅटऱ्या आल्या, छतावर चुना चढला, झरोक्याच्या जागी खिडकी झाली. एका दुपारी ऑफिसात सिस्टरांचा फोन आला.

“मॅडम, लाईन गेली हो!” त्या आनंदाने ओरडल्या.

मी खुर्चीतून उठलेच. “आता काय झालं? आणि हा कसला आवाज येतोय?”

“पंखा!” त्या म्हणाल्या. “लाईन गेली अन् पंखा फिरून राहिला. आत बाई मोकळी झाली. पोरगं हाये, तीन किलोचं!”

मी फोन ठेवला आणि शकीलभाईंना सांगितलं. ते तडक खाली गेले आणि सगळ्या ऑफिसला पुरेल एवढी जिलेबी घेऊन आले.

पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे मी त्या दवाखान्याचा आकडा पुन्हा काढला. दोन तारे. मी दाखला पाठवला आणि पंधरा दिवसांत मला लेखी पत्र आलं, की ऊर्जाबचतीच्या योजनेतून सुधारणा होऊनही सदर इमारतीचा वीजवापर कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढल्याचे निदर्शनास आले आहे, तरी सात दिवसांत खुलासा सादर करावा. मी दोन दिवस बसून कोष्टकांसह चार पानी खुलासा तयार केला, शकीलभाईंना वाचून दाखवला, आणि त्यांचा चेहरा बघून फाडला. मग एक कोरा कागद घेतला आणि माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात लहान खुलासा लिहिला:

‘सदर रुग्णालयात आता पंखे फिरतात, दिवे लागतात व बाळंतपणे उजेडात होतात, सबब वीज लागते. माहितीस्तव सादर.’